विहिरीतले नऊ इंच

दूधवाल्यानं "कशा आहात?" असं आपुलकीनं विचारलं, की आक्का आत जाऊन दूध पुन्हा मोजायची. एवढी गोड चौकशी करतोय म्हणजे आज मापात काहीतरी मारलंय, हे तिचं पक्कं ठरलेलं.

आता ती काही मुळातच खडूस बाई नव्हती, बरं का. पण अठ्ठावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काढलेली. चाळीस पोरं आत जायची, तास संपला की नळ्या भरायच्या एकोणचाळीस, आणि चाळीसच्या चाळीस तोंडं अशी निरागस की ओवाळून टाकावीत. असं अठ्ठावीस वर्षं पाहिलेल्या बाईच्या मनात पाल चुकचुकणार नाही, तर काय कोकिळा गाणार?

लग्न तिनं केलं नाही. एक स्थळ आलं होतं, पण मुलगा फारच हसतमुख होता म्हणून तिनं नाही म्हटलं. आता ती धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. भाऊ बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, पुढच्या केसांनी रजा घेतलेली, तरी सगळ्यांच्या तोंडी तो 'धाकटा'च. पुढच्या दोन खोल्यांत त्याची लाँड्री होती. दवाखान्याच्या आणि लॉजच्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून गठ्ठे बांधून पोचवायच्या. दोन मोठी मशिनं, मागे बोअर, बोअरवर पंप आणि वर वाळत घालायची गच्ची. धाकटा, त्याची बायको आणि कामाला चार बायका, सगळ्यांचं पोट त्या पंपावर.

आणि त्या पंपावर आक्काचा डोळा. कारण पाण्याची वही आक्काकडे होती.

झालं होतं असं, की सहा वर्षांपूर्वी गल्लीच्या खालून वाहणारा ओढा एका उन्हाळ्यात ठार आटला. पाठोपाठ विहिरी तळाला गेल्या, बोअर नुसती हवा ओढायला लागले. तेव्हा कुठे लोकांना कळलं की ओढा, विहिरी नि बोअर ही तीन वेगळी माणसं दिसली तरी जेवतात एकाच ताटात. मग ओढा मंडळ निघालं. अध्यक्ष पोस्टमास्तर, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, पण ती पदवी माणसाला मरेपर्यंत चिकटते. लोकांनी ओढ्यातला कचरा काढला, दगड रचून गुडघ्याएवढे बांध घातले, घराघरापुढे शोषखड्डे खणले. एरवी कुठे पाणी मुरतंय म्हटलं की माणसं कान टवकारतात. इथे मुरावं म्हणून घाम गाळत होती. धाकट्यानंसुद्धा साबणाचं पाणी ओढ्यात सोडायचं बंद करून तीन खड्डे केले, खडी, वाळू आणि वर लव्हाळं. पाणी त्यातून गाळून जायचं.

नियम दोनच. गुरुवारी आणि रविवारी सगळ्यांचे पंप बंद. मोडला तर आठवडाभर कुलूप. दुसरा नियम जरा जहाल. शाळेमागच्या विहिरीतून कोणी पाणी उपसायचं नाही, ती फक्त मोजायला. तिथलं पाणी काठापासून बावीस फुटांच्या खाली गेलं आणि सलग तीन आठवडे तिथेच राहिलं, की विहिरीच्या सगळ्यांत जवळचा पंप बंद, तो पुढचा पावसाळा संपेपर्यंत.

सगळ्यांत जवळचा पंप धाकट्याचा.

"आक्का मोजणार म्हणजे भावाला सांभाळून घेणार," असं कोणीतरी सुरुवातीला कुजबुजलं होतं. आक्काला ओळखत नसणार बिचारं.

दर शुक्रवारी सकाळी ती विहिरीवर जायची. लोखंडी टेप, टोकाला शिशाचं वजन. टेपच्या खालच्या चार फुटांना खडू फासायचा. काठावर, आतल्या कडेला तांबड्या रंगाची खूण होती, त्या खुणेला टेप टेकवून बरोबर पंचवीस फुटांपर्यंत आत सोडायचा. वर काढला की खडू जिथवर भिजला तिथवर काळपट दिसतो. भिजलेलं पंचवीसातून वजा केलं, की पाणी किती खाली ते कळलं. टेप तिच्या पिशवीत, पिशवी तिच्या काखेत, आणि काखेत हात घालायची कोणाची छाती नव्हती.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी तीन आठवडे वाकायचं नाही म्हणून बजावलं. पोस्टमास्तर घरी आले.

"टेप द्या माझ्याकडे. तीन शुक्रवार मी मोजतो."

"तुम्ही?" आक्का डोळ्यावरची पट्टी सांभाळत म्हणाली. "तुमच्या पोस्टातून माझं एक पत्र चार महिन्यांनी आलं होतं."

"अहो, त्याला वीस वर्षं झाली!"

"म्हणजे आठवतंय तुम्हाला. मला वाटलंच."

टेप काही मिळाला नाही. तीन आठवड्यांच्या जागा वहीत कोऱ्या राहिल्या. मधल्या काळात एक शेळी त्या विहिरीत पडली. तिला सुखरूप काढली, आणि मंडळानं काठ नीट करून घ्यायचं ठरवलं. गवंडी आक्काला विचारायला आला, कारण तिला न विचारता त्या विहिरीला हात लावायचा म्हणजे आगीत हात घालणं.

"कर काय करायचं ते. पण माझी तांबडी खूण काठावर दिसली पाहिजे. नाही दिसली तर बघ, तुझी काही खैर नाही."

"दिसेल, आक्का," गवंडी म्हणाला आणि चपला हातात घेऊनच पळाला.

चौथ्या शुक्रवारी आक्का काळा चष्मा लावून विहिरीवर गेली. काठ गुळगुळीत झाला होता, तांबडी खूण लखलखत होती. आणखी एक गोष्ट तिला बरी वाटली. पूर्वी टेप सोडताना पाठीत कळ यायची, आज आली नाही. विश्रांती मानवली म्हणायची.

टेप वर काढला आणि तिचं तोंड आवळलं. बावीस फूट दोन इंच. ऑपरेशनच्या आधी होतं एकवीस फूट चार इंच. चार आठवड्यांत दहा इंच? एवढं पाणी आपोआप जात नाही, कोणीतरी नेतं. आणि ते कोणी नेलं? आपल्या डोळ्यावर पट्टी होती तेव्हा ज्याचं सगळ्यांत फावलं, त्यानं.

घरी आली तर धाकट्यानं चहा पुढे केला. "घे गं आक्का. दमली असशील."

आक्का चहाकडे बघतच राहिली. बावन्न वर्षांत यानं कधी चहा करून दिला होता?

"साखर जास्त झालीय," ती म्हणाली. एक घोटसुद्धा घेतला नव्हता.

तिथून जी पाळत सुरू झाली, ती विचारू नका. गुरुवारी ती सहज म्हणून मागे जायची आणि पंपाला हात लावून बघायची, गरम आहे का. गच्चीवर जाऊन चादरी बघायची.

"आक्का, चादरी मोजताय होय?" भावजयीनं दोरीपलीकडून विचारलं.

"छे गं. बघतेय. काय पांढऱ्याशुभ्र निघाल्यात!"

"चौपन्न आहेत. सांगून टाकते आपली, तुमच्या नव्या डोळ्यांना कशाला शीण!"

नणंद-भावजयीचं हे असंच. भांडण कधी नाही आणि सुई टोचल्याशिवाय एक दिवस नाही.

दुसऱ्या शुक्रवारी बावीस फूट चार इंच. आता मात्र आक्कानं प्रयोगशाळेतली जुनी युक्ती काढली. रसायनांच्या कपाटाला ती एक बारीक दोरा लावून ठेवायची. दार उघडलं की तुटायचा. बुधवारी रात्री पंप थांबल्यावर सगळ्यांची नजर चुकवून तिनं पंपाच्या स्विचच्या पेटीला तसा दोरा चिकटवला. गुरुवारी संध्याकाळी बघते, तर दोरा गायब.

"या पेटीला कोणी हात लावला?" तिनं स्वयंपाकघरात येऊन विचारलं.

"मी," भावजय म्हणाली. "जळमट होतं. काढलं."

"जळमट?"

"पांढरं. लांब. एका टोकाला डिंक लावलेला. हल्लीचे कोळी मोठे हुशार निघालेत, आक्का."

धाकटा खाली मान घालून जेवत होता. एरवी बायकोच्या अशा बोलण्यावर खो खो हसणारा माणूस, आज ओठसुद्धा हलला नाही. आक्कानं ते बरोबर टिपलं.

रात्रभर तिच्या जिवाला घोर. उद्याचा तिसरा शुक्रवार. उद्याही पाणी बावीसच्या खाली दिसलं, तर संध्याकाळच्या बैठकीत तिलाच वही वाचून दाखवायची होती, आणि धाकट्याचं शटर खाली. दवाखाना काही पाऊस संपेपर्यंत मळक्या चादरींवर पेशंट निजवणार नाही, काम दुसरीकडे जाणार, गेलेलं परत येणार नाही. चार बायका घरी बसणार. ज्याला कडेवर घेऊन तिनं शाळेत सोडलं, त्याच्या पंपाला तिच्या वहीनं कुलूप लागणार. पण चोर तो चोर. मग तो कडेवरचा का असेना.

सकाळी टेप वर आला. बावीस फूट सात इंच.

तिनं खडू पुसला, पुन्हा फासला, पुन्हा मोजलं. सात इंच. ती मटकन काठावर बसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. पूर्वी नेहमी बसायची, वही मांडीवर घेऊन आकडा लिहायची.

आणि बसल्या बसल्या तिला काहीतरी खटकलं. पाय लोंबकळत होते.

तिनं टाचा खाली ताणल्या. जमीन लागेना. चपलेचं टोक तेवढं कसंबसं टेकत होतं. आधी तिला वाटलं, आपण खुजे झालो. म्हातारपणी माणूस आक्रसतो म्हणतात, पण एका ऑपरेशनमध्ये एवढा? मग तिनं काठाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, तांबड्या खुणेकडे पाहिलं. तिला ती पाठीत न आलेली कळ आठवली, आणि ती तडक उठली.

गवंडी दोन गल्ल्या पलीकडे एका भिंतीवर काम करत होता. आक्काला येताना बघून त्याच्या हातातली थापी तशीच राहिली.

"विहिरीच्या काठाला काय केलंस?"

"तीन थर विटा चढवल्या, आक्का. वर गिलावा. पुन्हा शेळी पडायला नको म्हणून."

"तीन थर म्हणजे किती?"

"नऊ इंच. गिलावा धरून."

"आणि माझी खूण?"

"काढली की! नव्या काठावर, बरोबर त्याच जागी."

"मेल्या, ती खूण हलवायची नव्हती!"

"हलवली कुठे?" गवंडी काकुळतीला आला. "जुनी आहे तिथेच आहे, गिलाव्याखाली. तुम्हीच म्हणालात ना, काठावर दिसली पाहिजे? म्हणून वर नवी काढली. तुमच्या धाकानं रंगाचे दोन हात दिले मी!"

 जगातल्या प्रत्येक माणसावर तिनं संशय घेतला होता, पोस्टमास्तरांना टेप दिला नव्हता, पंपाला दोरा बांधला होता. संशय घ्यायची राहिली होती ती एकच गोष्ट, तिची स्वतःची खूण. आलेल्या आकड्यांतून नऊ नऊ इंच काढले, तर पाणी एकदाही बावीसच्या खाली गेलं नव्हतं. आजचं येत होतं एकवीस फूट दहा. बावीसच्या मर्यादेच्या दोन इंच वर. उन्हाळ्यात उतरतं तसं हळूहळू उतरलेलं.

ती जवळजवळ धावत घरी आली. धाकटा इस्त्रीच्या टेबलाशी होता. तिचा लाल झालेला चेहरा बघून त्यानं इस्त्री उभी केली.

"धाकट्या, मला कळलं..." ती धापा टाकत म्हणाली. पुढे म्हणायचं होतं की तुझा काही दोष नाही.

"अर्धाच तास चालवला गं, आक्का!" धाकटा घाईघाईनं बोलून गेला. "एकाच गुरुवारी. तू दवाखान्यात होतीस. ऑपरेशनच्या वॉर्डाला चादरी कमी पडल्या, फोनवर फोन आले. अर्धा तास. आईशप्पथ."

इस्त्रीतून वाफ निघत होती. भावजयीनं गठ्ठा बांधता बांधता कपाळावर हात मारला.

"काय हे! त्यांनी विचारलं तरी का तुम्हाला?"

"तिला कळलंय म्हणाली ना ती!"

"काय कळलंय ते तरी ऐकायचं!"

आक्का स्टुलावर बसली आणि विटांची गोष्ट सांगितली.  भावजय हळूच म्हणाली, "मग झालं तर. विटांचं सांगा संध्याकाळी. अर्ध्या तासाचं कशाला बोलायचं? त्यानं काही पाणी नऊ इंच उतरलं नाही."

  धाकट्यानं नुसती इस्त्री पुन्हा हातात घेतली.

बैठक वाचनालयाच्या हॉलमध्ये. पंचवीसेक माणसं, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. पुढच्या रांगेत बोअरवाला, ज्याला आक्का घरात 'भोकपाड्या' म्हणायची. मंडळाच्या वहीच्या धाकानं गल्लीत कोणी नवा बोअर पाडून घेत नव्हतं, म्हणून त्याचा त्या वहीवर जुना राग. मंडळात तो आला होता तो त्यातलं भोक शोधायलाच.

आक्कानं तिन्ही आकडे वाचले. हॉलमध्ये चुळबुळ झाली, लोक धाकट्याकडे वळून बघायला लागले. मग तिनं विटांचं सांगितलं.

बोअरवाला हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. "वा, बाई! दोन आठवडे विटा दिसल्या नाहीत. आज भावाची लाँड्री बंद व्हायची वेळ आली, तर एकदम तीन थर सापडले?"

आक्काचे कान तापले. गंमत बघा, तिच्या जागी दुसरं कोणी असतं आणि ती खाली बसली असती, तर तिनं अक्षरशः हेच विचारलं असतं. शब्दसुद्धा हेच. तिनं समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे अगदी सभ्यपणे तिच्याकडे बघत होते, आणि एकाचाही विश्वास बसलेला नव्हता. अठ्ठावीस वर्षं चाळीस पोरांना कसं वाटलं असेल, ते तिला त्या दिवशी कळलं.

"आणि गवंडी काय, तुम्ही सांगाल तेच बोलणार," बोअरवाला पुढे म्हणाला. "सहा वर्षं आम्ही या वहीवर विश्वास ठेवला. आता यातलं खरं काय समजायचं? मी म्हणतो, वही रद्द करा."

ते ऐकून मात्र पोस्टमास्तरांचा चेहरा उतरला. वही गेली की नियम गेले, नियम गेले की प्रत्येक घरामागे एक भोक, आणि दोन उन्हाळ्यांत ओढा पुन्हा धुळीचा.

आक्का उभी राहिली. भावजयीकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"माझ्या भावानं एका गुरुवारी अर्धा तास पंप चालवला," ती म्हणाली. "मला आज सकाळी कळलं. नियमाप्रमाणे एक आठवडा कुलूप. ते लिहून घ्या. विटांचं म्हणाल तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. मीही ठेवला नसता. हातोडा घ्या आणि चला विहिरीवर. गिलावा मी फोडत नाही, गवंडीही फोडत नाही. तुम्ही फोडा."

"मी?" बोअरवाला म्हणाला.

"तुम्ही. भोकं पाडायची सवय आहे ना?"

हॉलमध्ये हशा पिकला आणि माणसं उठली. अजून उजेड होता. बोअरवाल्यानं काठाच्या आतल्या बाजूला चार घाव घातले, पाचव्याला गिलाव्याचा पोपडा सुटून विहिरीत पडला. डुबुक. मागे जुनी वीट, आणि विटेवर फिकट झालेला तांबडा पट्टा. त्यानं स्वतःच्या टेपनं वरच्या खुणेपर्यंत मोजलं. दोनदा मोजलं. "नऊ," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," आक्का म्हणाली.

"नऊ इंच!"

वही राहिली. पण पोस्टमास्तरांनी एक नवीन कलम घातलं: यापुढे आक्का एकटी मोजणार नाही, बोअरवाला बरोबर असेल. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की विहिरीतली बेडकंसुद्धा गप्प झाली.

धाकट्याच्या पंपाला आठवडाभर कुलूप लागलं. दवाखान्यानं तेवढ्या दिवसांच्या चादरी दुसरीकडे दिल्या, पुढच्या परत देऊ म्हणाले. देतील की नाही कोण जाणे. घरात त्या आठवड्यात माणसं बोलत नव्हती, भांडीच बोलत होती, आणि तीही जोरजोरात. पाचव्या दिवशी भावजयीनं आक्काच्या खोलीत ताट आणून ठेवलं. म्हणाली, "तुम्ही ते अर्ध्या तासाचं सांगितलं नसतंत, तर त्या विटा तुम्हीच रचल्या म्हणाले असते लोक. कळतं मला. पण राग आहे तो आहे." आणि गेली.

शुक्रवारी सकाळी दोघं विहिरीवर. जुन्या खुणेपासून मोजायचं ठरलेलं. आक्कानं टेप सोडला, बोअरवाल्यानं वाकून आकडा वाचला. एकवीस फूट नऊ.

"इंचभर वर आलं," तो मिशीत हसत म्हणाला. "बघा बाई, तुमच्या भावाचा पंप आठवडाभर बंद, आणि पाणी वर. म्हणजे पीत होता कोण?"

आक्कानं टेपवरचा ओला खडू निरखून पाहिला. आकडा खरा होता. तो तिला मुळीच आवडला नाही, पण तिनं तो वहीत लिहिला, अगदी सुवाच्य. मग टोपण लावलं.

"खरंय तुमचं," ती म्हणाली. "एका पंपानं इंचभर. तुमच्या यार्डातसुद्धा एक पंप आहे ना, गाड्या धुवायचा? पुढच्या आठवड्यात तो बंद ठेवून बघू या. आकडा काय येतो ते कळेल तरी."

बोअरवाला हसायचा थांबला. त्यानं तिच्या हातातून टेप घेतला, खिशातून रुमाल काढून खडू कोरडा पुसला.

"थांबा," तो म्हणाला. "हे माप मला बरोबर वाटत नाही. पुन्हा सोडू."

"सोडू की," आक्का म्हणाली, आणि त्याचा हात खुणेवर नीट टेकलाय की नाही, ते बघायला चष्मा वर सरकवून काठावर ओणवी झाली.